दोन ठोके

ता. ६ जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. नमस्कार पोचला असं धरतो आणि भांडणाकडे वळतो.

मी सदरा बदलावा तसा धंदा बदलतो, हे तू मागच्या पत्रात तिसऱ्यांदा लिहिलंस आणि मला ते तिसऱ्यांदाही मान्य नाही. टायरच्या दुकानातून मी निघालो कारण मालक मारकुटा होता. छापखान्यातून निघालो कारण तिथे वाचावं लागायचं. पण तुझ्या दुकानात चार वर्षं फ्रिजच्या पाठीमागे बसून काढली आणि इथे शीतगृहात चार. आठ वर्षं एकाच धंद्यात काढलेल्या माणसाला कुणी भिंगरी म्हणतं का? तू म्हणतोस, कारण नाव तूच ठेवलंस.

आता नीट ऐक. या शीतगृहात मासळीच्या पेट्या उणे वीसमध्ये ठेवतात आणि सोळा मोठी यंत्रं दिवसरात्र गारवा पुरवतात. पूर्वी ती बिघडली की आम्हाला बोलावणं यायचं. गॅस भर, नळी जोड, गळती शोध. आता नवीन यंत्रं आलीत, त्यांची पोटं कारखान्यातूनच बंद करून येतात. बिघडतं ते विजेचं. आम्ही गॅसवाले नुसते भोवती उभे राहतो, लग्नात नवरीच्या मामाच्या मित्रासारखे. दिवाळं आमचं निघणार हे दिसतंय. गेल्या महिन्यात दोघांना घरी पाठवलं.

म्हणून कंपनीने एक टूम काढली आहे. फ्रिजच्या कामातून विजेच्या कामाकडे जायचं असेल त्यांच्यासाठी पाच महिन्यांचं प्रशिक्षण. रोज कामानंतर दोन तास आणि सुट्टीचा अख्खा दिवस. जागा बारा. मी नाव दिलंय. सातवी नापास चालतो, पण ज्याच्या हाताखाली काम शिकलो त्याचं पत्र लागतं. किती वर्षं काम केलं, कसं केलं, आणि माझ्या हातून विजेचा काही अपघात झाला का.

त्या शेवटच्या प्रश्नाला काय लिहायचं ते तुला माहीत आहे. आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या अपघाताच्या रिपोर्टात आहे तेच. तू यंत्राच्या पत्र्यावर पान्याने दोन ठोके मारायचे आणि मी भिंतीपलीकडे विजेचा खटका वर करून यंत्र चालू करायचं, ही आपल्या दुकानाची पद्धत. त्या दिवशी ठोके पडले, मी खटका वर केला, तुझा हात आत होता. यात माझ्या हातून काय झालं? तू तेव्हा स्वतःच कबूल केलंस की चुकून ठोकलं असेल. मी उगाच उकरून काढत नाही. फॉर्मात विचारलंय म्हणून लिहिलं.

पत्र या महिन्यात पाठव. वहिनीला सांग की मी जेवतो. लोभ कमी झाला असेल तर तेवढ्यावरही भागवीन.

तुझा,
भिंगरी


ता. १९ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर डाव्या हाताचं आहे, तेव्हा मुंग्या चालल्यासारखं दिसलं तर चष्मा आणायला पळू नकोस.

हवं ते पत्र सोबत जोडलं आहे. चार वर्षं काम केलं, हात स्वच्छ, कान तिखट, याच्या हातून अपघात एकही नाही, असं लिहून दुकानाचा शिक्का मारलाय. शिक्का उलटा पडला होता, दुसऱ्या कागदावर पुन्हा मारला. तुझी वहिनी हसत होती.

सदऱ्याचं मागे घेतो. तू धंदा बदलतोस ते चांगलं करतोस. मी रागावून लिहिलं कारण मला वाटलं होतं दुकान तू चालवशील. पण आता दुकानात चालवण्यासारखं फारसं उरलं नाही. लोक फ्रिज दुरुस्त करत नाहीत, नवा आणतात. शिवाय नळ्या जोडायचा बर्नर मला धरता येत नाही. अंगठा आणि दोन बोटं अजून मिटत नाहीत. दाराचं रबर बदलणं, पंखा साफ करणं, दिवा घालणं, एवढं करतो. परवा एका बाईंनी फ्रिज आणला, आत नुसता बर्फाचा डोंगर. दार तीन दिवस उघडं ठेवा म्हणून सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. तुझी वहिनी म्हणाली, असा सल्ला फुकट वाटायचा तर दुकानाला दार तरी कशाला हवं.

विजेचं शिकताना पुस्तकाला घाबरू नकोस. शाळेत तू बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त असायचास, पण डोकं तेव्हाही चांगलंच होतं. अडलं तर शेजारच्याला विचार. विचारल्याने कुणाचं नाक कापलं जात नाही.

मागचं काही मनात आणू नकोस. आम्हा दोघांचा लोभ आहे तिथेच आहे, हलवलेला नाही.

तुझा,
दादा


ता. २५ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. तुझ्या पत्राने काम झालं. बारांत माझं नाव लागलं. पगारातून फी कापायला सांगितलंय, एकदम सगळी.

शिकवायला एक बाई आहेत. पन्नाशीच्या, केस पांढरे, आवाज असा की ओरडावं लागतच नाही. तीस वर्षं वीजघरात काढलीत. पहिल्या दिवशी त्यांनी एक उघडा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, बघा याला काय झालंय. आम्ही बाराही जणांनी एकदम हात पुढे केले. फ्रिजवाल्याची खोड, नळी गार आहे का गरम ते तळहाताने बघायचं. बाईंनी फूटपट्टीने बाराही हातांवर एकेक दिली. हातापायांना मेंदू नसतो म्हणाल्या. तू मला नेमकं उलटं शिकवलंस, की फ्रिजवाल्याचा मेंदू तळहातात असतो. दोघांचंही खरं असेल. फक्त यंत्र वेगळं.

दुसरी खोड कानाची. घरघर थांबली की आपण समजतो यंत्र बंद. बाई म्हणाल्या, विजेला आवाज नसतो, ती मुकी असते आणि तिथेच बसलेली असते. म्हणून आधी टेस्टर जिवंत तारेला लावून टेस्टरच चालतो का ते बघायचं, मग आपली तार बघायची, मग पुन्हा टेस्टर जिवंत तारेला. तीनदा. मला हसू आलं, म्हटलं एवढा संशय तर सासूसुद्धा घेत नाही. पण आता हात आपोआप तीनदा जातो.

आणि खटका बंद केला की त्याला स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येकाला एकेक लाल कुलूप दिलंय. किल्ली आपल्याच खिशात. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात किल्ली. दुसऱ्या कुणी खटका वर करायचा प्रश्नच नाही. ठोके नकोत, हाका नकोत.

हे सांगितल्यावर बाईंनी प्रत्येकाला आपण पाहिलेली एक चूक सांगायला लावली. माझी पाळी आली तेव्हा मी आपली ठोक्यांची पद्धत सांगितली. नाव घेतलं नाही, एक मेकॅनिक होता म्हणालो. त्याने हात आत असताना स्वतःच ठोके मारले म्हणालो. सगळे हसले. एकाने त्या मेकॅनिकचं नाव ठोकमास्तर ठेवलं. आता कुणी काही चुकला की पोरं म्हणतात, ठोकमास्तर झाला. मीही त्यांच्याबरोबर हसतो. लिहिताना ते तितकं विनोदी वाटत नाही.

बाई हसल्या नाहीत. भिंत केवढी जाड होती, असं त्यांनी विचारलं. मग विचारलं, ठोके ऐकू येण्याआधी दुसरा काही आवाज येत होता का. मी म्हटलं, आठवत नाही. त्या म्हणाल्या, आठवेल. मग पुढच्याकडे वळल्या.

तुझी बोटं कशी आहेत? मागच्या पत्रात मी विचारलंच नव्हतं. चार वर्षांत किती पत्रांत विचारलं ते आठवून बघत होतो.

वाचताना अजून अडतं. शेजारी एक टक्कल असलेला काका बसतो, पन्नाशीचा, तो मला वाचून दाखवतो आणि मी त्याला जोडण्या करून दाखवतो. आंधळा आणि पांगळा.

माया राहू दे.

तुझा,
भिंगरी


ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुझी पत्रं मी दुकानात ह्यांच्या आधी वाचते हे तुला माहीतच आहे. ठोकमास्तरचं पत्रही मी आधी वाचलं. चार दिवस पोळपाटाखाली ठेवलं, मग दिलं. ह्यांनी दोनदा वाचलं, आणि पोरगं शिकतंय म्हणाले. बाकी काही नाही.

तुला जे कळवलं नाही ते कळवते. तुझ्यासारखंच प्रशिक्षण इथेही निघालं आहे. फ्रिजच्या धंद्यातून विजेकडे येणाऱ्यांसाठी. वयाची अट पंचेचाळीसच्या आत, आणि ह्यांना पंचेचाळीस पूर्ण व्हायला एप्रिलची चार तारीख उजाडायची आहे. मीच मागे लागले. म्हटलं, बर्नर धरता येत नाही, मीटर तर धरता येतो, आणि बिघाड शोधायला बोटं लागत नाहीत, डोकं लागतं. डिसेंबरात नाव दिलं. तू तुझं कळवलंस तेव्हा हे गालात हसले. दोघं भाऊ एकदम सर्टिफिकेट घेऊ आणि मग तुला सांगू, असं मनात होतं.

प्रवेशाच्या लेखी परीक्षेत हे तिसरे आले. डाव्या हाताने सगळा पेपर लिहिला. नंतर जुने अपघात तपासले, त्यात आइस्क्रीमच्या कारखान्याचा रिपोर्ट निघाला. तिथल्या साहेबांनी समजुतीनेच सांगितलं म्हणतात, की ज्याने स्वतःचा हात आत असताना स्वतःच चालू करायची खूण दिली, त्याला आम्ही विजेपाशी कसं उभं करायचं? उद्या दुसऱ्याचा जीव जायचा. ह्यांचं नाव गाळलं. घरी आले आणि दुकान झाडायला घेतलं. सकाळीच झाडलेलं होतं.

आता एका गोदामाची राखण करायचं काम मिळतंय. एक तारखेपासून जाणार म्हणतात. काठी आणि शिट्टी. ज्या माणसाने कान लावून यंत्राचा आजार सांगितला, तो फाटकाशी स्टुलावर बसणार. मला ते बघवणार नाही, पण बघीन, कारण पोट आहे.

भिंगरी, तू सात वर्षांचा असताना सासूबाई गेल्या आणि तू माझ्या पदरात आलास. काच फुटली की तू आधी बोलायचास, मी नाही फोडली म्हणून. कुणी विचारायच्या आधीच. दवाखान्यात मी ह्यांच्या उशाशी होते. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा तू दाराशी होतास आणि ठोके पडले, ठोके पडले असं येईल त्याला सांगत होतास. तुला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी रिपोर्टवर सही करायच्या वेळी मी ह्यांना विचारलं, खरंच ठोकलंत का? हे म्हणाले, त्याचं वय एकोणीस आहे, माझं चाळीस, हा डाग मला परवडेल. मग डाव्या हाताने सही केली. आयुष्यातली डाव्या हाताची पहिली सही ती.

चार वर्षं मी गप्प बसले, कारण तशी शपथ होती. आज मोडली. तू काय ऐकलंस ते मला सांगू नकोस. मला सांगून काय होणार? ज्याला सांगायचं त्या कागदावर सांग. फेरविचाराचा अर्ज तीस मार्चपर्यंत घेतात. त्यानंतर वय उलटलं.

तुझं तिथे काय नुकसान होईल ते मला कळतं. म्हणून सक्ती करत नाही. पण न करताही राहवत नाही. दोन्ही माझेच आहात, पण एकाचा हात मी रोज बघते.

तुझी,
वहिनी


ता. २२ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वहिनीवर रागावू नकोस. शपथ तिने मोडली, पण खोटं तिने सांगितलं नव्हतं.

ठोके पडले नव्हते दादा.

जे झालं ते लिहितो, एकदा लिहिलं की परत लिहावं लागणार नाही. भिंतीपलीकडून तुझ्या बर्नरचा फुसफुस आवाज येत होता. बाईंनी विचारलेला आवाज तोच. मी खटक्यापाशी उभा होतो. बाहेर माझा दोस्त जुनी मोटरसायकल घेऊन आला होता, मला चक्कर मारायला देणार होता आणि सारखा हॉर्न वाजवत होता. बर्नरचा आवाज थांबला. म्हटलं, नळी जोडून झाली, म्हणजे काम झालं. बर्नरनंतर तू तारा जोडायचास, हे मला चार वर्षं माहीत होतं. पण कानाने सांगितलं झालं आणि मी ऐकलं. मनात पाच मोजले. तेवढ्यात तारा जोडून होत नाहीत, हेही माहीत होतं. खटका वर केला.

मग तू ओरडलास. कारखान्याचा मालक धावत आला, त्याने नुसतं काय झालं विचारलं आणि माझ्या तोंडून ठोके निघाले. वहिनी म्हणते ते खरं, मी आधीच बोलतो. संध्याकाळपर्यंत मला ते ठोके ऐकू आल्यासारखे वाटायला लागले होते. तू सही केल्यावर तर पुरतेच ऐकू आले. आठवड्यात मी इथली नोकरी धरली. तुला वाटलं मला कंटाळा आला, भिंगरीच तो. मला तुझ्या हाताकडे बघता येत नव्हतं. आणि इथे येऊन मी त्याच हातावर बारा माणसं हसवली. हे माझ्याच्याने कसं झालं ते मला कळत नाही.

वहिनीचं पत्र टक्कलवाल्या काकाकडून वाचून घेतलं. मोठी अक्षरं होती तरी मला पुढे वाचवेना. काका वाचता वाचता थांबला. पुढे काय आहे म्हटलं, तर म्हणाला, पुढे तूच आहेस.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी बाईंना सांगितलं. वर्ग भरल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, कारण ठोकमास्तर त्यांनीही म्हटलं होतं. कुणी हसलं नाही. दोघं खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी कोरा कागद दिला. मी लिहिलं, चुका बाईंनी दुरुस्त केल्या, शब्द माझेच ठेवले. ठोके पडले नव्हते, खूण कुणी दिली नव्हती, खटका मी आपल्या मनाने वर केला आणि नंतर खोटं सांगितलं. खाली माझी सही, बाईंची साक्ष, शीतगृहाच्या साहेबांचा शिक्का. मूळ कागद तुझ्या तिथल्या साहेबांना रजिस्टरने गेला आहे. बाईंनी त्यांना टेलिफोनही केला. ते म्हणाले, कागद हातात येऊ द्या, अर्ज आला तर विचार करू. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. नक्कल सोबत आहे. ती घेऊन तीस तारखेच्या आत तू जा. गोदामवाल्याला काही कबूल केलं असशील तर मोड.

माझं नाव प्रशिक्षणातून काढलं. फॉर्मात खोटं होतं, नियम नियम. तुझ्या पत्राबद्दल साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाने लिहिलं ते मी सांगितलेल्यावर लिहिलं, त्याला दोष नाही. हेही पूर्ण खरं नाही, पण एवढं मला ठेवू दे. नोकरी राहिली आहे. यंत्रांपाशी नाही, पेट्या उचलायच्या. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी फॉर्म भर, खरा भर, मग बघू. चांगलं शिकवायच्या. अजून मोटरचं यायचं होतं.

तू रागावशील ते माझ्या खोट्यावर नाही, मी जागा सोडली यावर रागावशील. तुझं मला पाठ आहे. माझं वय तेवीस आहे आणि तुझं चार तारखेपर्यंतच चव्वेचाळीस आहे. तूच तेव्हा मांडलेला हिशेब आहे, मी फक्त बाजू बदलली. पण यात फिटंफाट झाली असं मी म्हणत नाही. तुझी बोटं कुठल्याही कागदाने मिटणार नाहीत. चार वर्षं तू डाव्या हाताने लिहिलेली पत्रं माझ्या पेटीत आहेत, सगळ्यांत मी सुखरूप आहे ना एवढंच विचारलंय. मी उत्तरात भांडत होतो.

तुला मला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. वहिनीकडून फक्त कळव, गेलास की नाही. लोभ असावा असं लिहायची सवय आहे, या वेळी हात थांबला. तू ठरव.

तुझा,
भिंगरी

ता. क. माझी फी परत मिळाली, झालेल्या दिवसांचे कापून. ती मनीऑर्डरने पाठवली आहे. तिकडची फी साधारण एवढीच असेल, तुझी भर. कमी पडले तर पुढच्या महिन्यात पाठवतो. मनीऑर्डरच्या कागदावर निरोपासाठी दोन ओळींची जागा असते, पोस्टातल्या बाकावर बराच वेळ बसलो, काही सुचलं नाही, तशीच कोरी सोडली आहे. नऊ हजार चारशे.